एकट्या हॉर्नचा स्वर

पाश्चात्य वाद्यवृंदांत हॉर्न या वाद्याचें स्थान मोठें चमत्कारिक आहे. व्हायोलिनवादक पुढें बसतात व लोकांची दृष्टि त्यांच्यावर खिळते. हॉर्नवादक मागें बसून पुष्कळ वेळ मुकाट्यानें मात्रा मोजीत असतो, आणि पाळी आली कीं वृंदाच्या स्वरांना भरदारपणा देऊन पुन्हां गप्प होतो. अशा वादकानें पियानोचीहि सोबत न घेतां अख्खी ध्वनिमुद्रिका एकट्यानें भरून काढावी, हें प्रथमदर्शनीं केवळ धाडस वाटतें. परंतु इतिहास पाहतां या धाडसामागें जुनी परंपरा आहे असें वाचकांस दिसून येईल.

हॉर्न हें मुळांत शिंगच. फ्रान्समधील शिकारी रानांत एकमेकांस इशारे देण्यासाठीं तें फुंकीत. त्याच्या नळीला ना भोकें, ना झडपा. ओठांच्या ताणानें निसर्गनेमानें मिळणारे मोजके स्वर तेवढे निघत. आपल्या तुतारीची जातहि हीच. पुढें 1750 च्या सुमारास ड्रेस्डेन दरबारचा वादक हांपेल यानें वाद्याच्या रुंद मुखांत हात घालून मधले स्वर काढण्याची रीत बसविली, असें मानतात. हातानें झांकलेला स्वर दबका, मोकळा स्वर तेजस्वी. या छायाप्रकाशांतूनच हॉर्नची खरी गायकी निर्माण झाली. बेथोव्हेननें 1800 सालीं पुंटो या वादकासाठीं सोनाटा लिहिला, तो याच वाद्याकरितां.

या कलेचा शेवटचा मोठा आचार्य म्हणजे फ्रेंच वादक झाक फ्रांस्वा गॅले (1795–1864). त्यानें एकट्या हॉर्नसाठीं 40 प्रेल्यूड रचिले. त्यांपैकीं कांहीं तालबद्ध आहेत, कांहींत तालाचें बंधनच नाहीं. हे दुसरे प्रकार ऐकतांना आपल्या आलापाची आठवण व्हावी. राग अर्थातच तेथें नाहीं, परंतु स्वर किती लांबवावा आणि विश्रांति कोठें घ्यावी याचा निर्णय वादकाच्या रसिकतेवर सोपविलेला आहे.

गॅलेच्या हयातींतच काळ पालटत होता. झडपांच्या योजनेला 1818 मध्यें प्रशियांत पेटंट मिळालें होतें. पॅरिसच्या संगीतविद्यालयांत 1833 पासून मेफ्रे झडपांचें हॉर्न शिकवूं लागला. त्याच विद्यालयांत गॅले 1842 पासून अखेरपर्यंत जुनीच विद्या देत राहिला. त्याला हटवादी म्हणणें सोपें आहे. झडपांनीं सर्व स्वर सारख्या सुलभतेनें हातीं आले, हा लाभ कोण नाकारील? पण सर्व स्वर सारखेच उजळ झाले, आणि स्वरास्वरांतील जातिभेदाबरोबर रंगभेदहि लोपला, ही हानि मात्र लाभाच्या आनंदांत कोणी मोजली नाहीं.

ती पुढील शतकानें मोजली. बेंजामिन ब्रिटननें 1943 सालीं डेनिस ब्रेन या वादकासाठीं व पीटर पिअर्स या गायकासाठीं रचिलेल्या ‘सेरेनेड’च्या आरंभीं व अखेरीस हॉर्न एकटेंच वाजतें, आणि तेंहि निसर्गदत्त स्वरांत. पियानोला सरावलेल्या कानांस ते किंचित् बेसूर भासतात; ब्रिटनला तेंच हवें होतें. माल्कम आर्नोल्डची ‘फँटसी’ 1966 ची; मेसियांच्या 1974 मध्यें न्यूयॉर्कला प्रथम सादर झालेल्या भव्य कृतींत तर सारा वृंद थांबतो आणि हॉर्न एकटें जणूं आकाशास हांक मारतें.

अलीकडे इंग्लंडच्या अ‍ॅनेके स्कॉट यांनीं झडपा नसलेल्या हॉर्नवर गॅलेच्या एकल रचनांची ध्वनिमुद्रिका केली आहे. स्कॉट जुन्या वाद्यांच्या वृंदांतील प्रमुख हॉर्नवादिका आहेत. एकट्या हॉर्नला आडोसा नाहीं. वरच्या सप्तकांत नैसर्गिक स्वर इतके लगटून असतात कीं ओठ केसभर चुकला तर शेजारचा स्वर निघतो. मागें झांकून घेण्यास कोणी नसतें, श्वासहि उघडाच पडतो. म्हणूनच असें वादन केवळ कौशल्याचें प्रदर्शन नव्हे. वृंदांत राहून सभ्य झालेलें हें शिंग एकटें बोलूं लागतें तेव्हां सुधारणेच्या नांवाखालीं आपण काय टाकून दिलें याचा हिशेब तें आपल्यापुढें मांडीत असतें, आणि तो हिशेब केवळ संगीतापुरता आहे असें आम्हांस वाटत नाहीं.