खैराटचा हिरवा लॅपटॉप

२००७ च्या अखेरीस रायगड जिल्ह्याच्या कर्जत-खालापूर भागातील खैराट या लहानशा गावात हिरव्या-पांढऱ्या रंगाचे चिमुकले संगणक येऊन दाखल झाले. शाळेची खोली एक, गुरुजी एक, पहिली ते चौथीचे वर्ग एकत्र आणि मुले वीस-बावीस. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील पहिला प्रयोग मुंबईच्या एखाद्या नामांकित शाळेत झाला नाही. तो येथे झाला.

या योजनेचे जनक निकोलस निग्रोपाँटे हे अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबचे संस्थापक. जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे त्यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस येथील परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्याचा नमुना जगापुढे आला. विजेसाठी त्याला हाताने फिरवण्याचा दांडा बसवला होता. कार्यक्रमात तो दांडा तुटून हाती आला! पुढे प्रत्यक्ष उत्पादनात तो गाळण्यात आला. पण 'शंभर डॉलर' हा आकडा मात्र लोकांच्या डोक्यात घट्ट बसला.

यंत्र म्हणून 'एक्सओ' खरोखरच विचारपूर्वक घडवलेले होते. वजन सुमारे दीड किलो, प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा, रॅम २५६ एमबी आणि साठवणीसाठी एक जीबीची फ्लॅश चिप. फिरणारी हार्ड डिस्क नाही, पंखा नाही. त्यामुळे पडल्यावर मोडण्यासारखे किंवा धुळीने अडण्यासारखे भागही कमी. कळफलकावर अखंड रबरी आवरण. जवळजवळ असलेले लॅपटॉप इंटरनेटविनाही आपसांत बिनतारी जाळे विणत. त्यासाठी सशाच्या कानांसारखे दोन अँटेना.

सर्वांत मोठी करामत पडद्याची होती. मेरी लू जेप्सन यांनी रचलेला हा साडेसात इंची पडदा मागचा दिवा बंद केला की भर उन्हात कृष्णधवल रूपात वाचता येई. ज्यांची शाळा निम्मा वेळ अंगणात किंवा झाडाखाली भरते, त्यांच्यासाठी ही सोय चैनीची नव्हती. त्या काळातील साधा लॅपटॉप वीस-तीस वॅट सहज घेई. एक्सओचे काम बहुधा पाच वॅटच्या आत भागे.

विजेचा मुद्दा या भूमीत विशेष बोचरा आहे. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी सुमारे ५०० मीटर खाली आणून निर्माण केलेल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ चे. म्हणजे या दोन तालुक्यांनी मुंबईला वीज पुरवायला लागून नव्वद वर्षे होत आली होती, तेव्हा २००७ साली महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तासन्‌तास भारनियमन चालू होते आणि कमी विजेवर चालणारा लॅपटॉप हे नवल ठरत होते. या योजनेच्या तंत्रज्ञांनी तर भारतात गुरांच्या बळावर जनित्र फिरवून पाहण्याचाही प्रयोग केला.

गंमत अशी की, केंद्र सरकारने ही योजना आधीच नाकारली होती. २००६ मध्ये शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी नियोजन आयोगाला कळवले की, ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद असून देशाला वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे. अनेकांनी त्यांना जुन्या वळणाचे ठरवले. पण त्यांचे म्हणणे खैराटच्याच मापाने तोलून पाहावे.

त्या वेळी एका एक्सओची किंमत शंभर नव्हे, सुमारे १८८ डॉलर, म्हणजे साडेसात हजार रुपयांच्या आसपास होती. बावीस मुलांचा हिशेब दीड लाखाच्या वर जातो. महाराष्ट्रात तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन महिना तीन हजार रुपये होते. त्या रकमेत चार वर्गांचा भार एकट्याने वाहणाऱ्या गुरुजींना चार वर्षे जोडीदार मिळाला असता. हा हिशेब लॅपटॉपचे मोल कमी करत नाही. पण पर्याय म्हणजे केवळ दुसऱ्या कंपनीचा संगणक, हा समज तो मोडतो.

सरकार मात्र शिक्षकांच्या मुद्द्यावर थांबले नाही. त्याने स्वतःचाच स्वस्त संगणक घडवायला घेतला, तोही दहा डॉलरचा! फेब्रुवारी २००९ मध्ये तिरुपती येथे त्याचे दर्शन घडले तेव्हा ते लॅपटॉप नसून माहिती साठवणारे एक उपकरण असल्याचे निष्पन्न झाले. २०१० मध्ये आकडा ३५ डॉलरवर आला आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी 'आकाश' टॅब्लेट अवतरला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडे. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा. रचना निराळी असल्याने एक्सओशी थेट तुलना योग्य नव्हे, तरी त्याच्या संथपणाच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. बोटाने जोर देऊन दाबावा लागणारा पडदा आणि लवकर मान टाकणारी बॅटरी यांची त्यात भर पडली. किंमत उतरवताना नेमके तेच गमावले, ज्यासाठी एक्सओवर एवढी मेहनत झाली होती. पुढे आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली सुधारित 'आकाश-२' सिद्ध झाला. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि हलक्या स्पर्शाला दाद देणारा पडदा असलेल्या या टॅब्लेटचे नोव्हेंबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते अनावरण झाले. तोवर बाजारात खासगी कंपन्यांचे स्वस्त टॅब्लेटही येऊ लागले होते.

खैराटमध्ये कार्ला गोमेझ मोनरॉय या शिक्षणतज्ज्ञ गुरुजींसोबत काम करून नोंदी ठेवत होत्या. त्याच वर्षी, मे २००७ मध्ये, उरुग्वेमधील कार्डाल या खेड्यातील दीडशे मुलांनाही एक्सओ मिळाले होते. तेथे मात्र सरकारने लॅपटॉपसोबत इंटरनेट जोडणी आणि दुरुस्तीची व्यवस्थाही उभी केली. २००९ अखेर त्या देशातील जवळपास प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेतील मुलाकडे लॅपटॉप होता. पेरूने लाखो यंत्रे वाटली, पण ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. शिक्षकांची पुरेशी तयारीच झाली नव्हती. भारतात खैराटनंतर काही राज्यांनी खरेदीच्या घोषणा केल्या. २०१० पर्यंत प्रत्यक्षात मणिपूरमध्ये एक हजार लॅपटॉप पोहोचले होते.