मानमोडीची साथ आणि माणसाचं वय

कोणतीही साथ आली की आधी म्हातारीकोतारी आणि तान्ही मुलं जातात, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. १९१८ सालच्या इन्फ्ल्युएन्झाने मात्र हा हिशेब पार उलटा केला. मराठी मुलखात या साथीला ‘मानमोडी’ असं नाव पडलं. तिने घराघरांतली कर्ती माणसं नेली, वीस ते चाळीस या वयातली. असं का व्हावं?

आधी साथ आली कशी ते पाहू. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि मुंबई बंदरातून फौजांची सारखी ये-जा होती. जून १९१८ मध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले आणि पाहता पाहता ताप शहरभर पसरला. ही पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती जीवघेणी. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले.

आता समोरचा किनारा घ्या. आजच्या रायगड जिल्ह्याला तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. नाव बदललं ते १९८१ साली. मुरूड आणि श्रीवर्धन ही गावं त्या वेळी जंजिरा संस्थानात होती. पण राज्य कोणाचंही असो, या पट्टीतल्या कितीतरी घरांचा पोशिंदा मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. पावसाळ्यात खुल्या दर्यावरची वाहतूक बंद असे. नारळी पौर्णिमा झाली की बोटी सुरू होत, मागोमाग गणपती येत आणि चाकरमानी गावची वाट धरीत. दुसरी लाट उसळली ती नेमकी याच सुमारास. मुंबईशी असा नित्याचा संबंध असलेल्या किनाऱ्याला साथीपासून दूर राहणं शक्यच नव्हतं.

गावच्या नोंदींत अशा मृत्यूंपुढे बहुधा नुसतं ‘ताप’ एवढंच लिहिलेलं असे. त्यामुळे देशभरातल्या बळींचे अंदाजही एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत जातात.

मग तरण्याताठ्यांवरच घाला का? याचं उत्तर आपल्या श्वासमार्गात आहे. नाकापासून फुप्फुसापर्यंत आतल्या अस्तरावर सूक्ष्म लव असते. ती कफ वर ढकलते आणि त्याबरोबर घाणही बाहेर काढते. मुलांच्या नाकातलं अस्तर विषाणू शिरताच धोक्याची सूचना लवकर देतं, असं अलीकडच्या संशोधनात दिसून आलं आहे. तान्ह्या बाळाची श्वासनलिका मात्र इतकी अरुंद, की थोड्या सुजेनेही ती कोंडते. उतारवयात लव मंदावते, खोकल्यातला जोर कमी होतो आणि शरीर विषाणूला उशिरा जागं होतं. भर तारुण्यात प्रतिकार जोरकस असतो. पण तोच बेताबाहेर गेला तर फुप्फुसांना इजा करतो. १९१८ मध्ये असंच झालं असावं, असं पुष्कळ संशोधकांचं मत आहे. त्यात विषाणूने वाट मोकळी करून दिली की जंतू शिरत आणि न्यूमोनिया होई. पेनिसिलीनचा शोध तर १९२८ चा!

दुसरं कारण जुन्या ओळखीचं. लहानपणी भेटलेला विषाणू शरीर सहसा विसरत नाही. १९१८ च्या वृद्धांना तशाच एखाद्या विषाणूची पूर्वओळख असावी, असा तर्क आहे. याला पुष्टी देणारं उदाहरण २००९ चं. त्या वर्षीच्या स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. जगभर त्या साथीत वयस्क लोक तुलनेने बचावले, कारण १९५७ पूर्वी जन्मलेल्यांना त्या जातीचा विषाणू ओळखीचा होता. उलट २०२० चा कोरोना सर्वांनाच नवा. तिथे जुनी ओळख कोणाच्याच कामी आली नाही. मुलं बहुधा थोडक्यात सुटली आणि म्हातारी माणसं सर्वांत जास्त दगावली.

म्हणजे वय म्हणजे नुसता वर्षांचा आकडा नव्हे बरं का! श्वासमार्गाची ताकद किती आणि विषाणूची ओळख किती, या दोन्हींचा मेळ त्यात असतो.

१९१८ मध्ये पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग झालं होतं. पुरुषांपेक्षा बायका अधिक मेल्या. आजाऱ्यांची उस्तवार त्यांच्याकडे आणि पोटाला मात्र सर्वांच्या मागून, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. १९१९ मध्ये जन्म घटले. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९११ ला २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ ला २५ कोटी १३ लाखांवर आली. खानेसुमारीच्या इतिहासात घट दाखवणारं हे एकच दशक. त्या आकड्यामागे नातवंडांना पोसायला पुन्हा शेतावर गेलेले आजोबा आहेत आणि चुलीपाशी परत बसलेल्या आज्या आहेत.

तेव्हा पुढची साथ कोणाला धरील, हे मागच्या साथीवरून ठरवू नये. घरातल्या म्हाताऱ्यांना जपावं, त्यांना लस द्यावी, हे तर खरंच. पण ‘मी धडधाकट आहे, मला काय होतंय’ असं म्हणणाऱ्या तरुणाने १९१८ साल आठवावं.