दुखतें कोठें आणि दुखणें कोठें

मनुष्यदेहाला जडणाऱ्या व्याधींत पाठीचीं व सांध्यांचीं दुखणीं फार जुनीं आणि फार सार्वत्रिक. ताप उतरतो, जखम भरून येते. परंतु कंबरेंत एकदां चमक निघाली, कीं धट्टाकट्टा मनुष्यहि भिंतीचा आधार शोधूं लागतो. महाराष्ट्रांतील घरोघरीं या दुखण्यावरचे उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आले. घागर उचलतांना उसण भरली, तर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यावा. मान अवघडली, तर तालमींतल्या वस्तादाकडे जावें. हाडवैद्यानें तेल लावून सांधा ओढावा आणि घरांतल्या वडीलधाऱ्या बाईनें आंबेहळदीचा लेप द्यावा. या हातांना कांहींच गुण नव्हता असें म्हणतां येणार नाहीं. उणीव होती ती निराळी. दुखतें कोठें हें रोगी सांगे आणि तेथेंच उपचार होई. दुखणें कोठें आहे, हा दुसरा प्रश्न विचारण्याची रीत नव्हती.

ही उणीव केवळ खेड्यापाड्यांतील वैदूंची होती, असें मात्र कोणीं समजूं नये. युरोपांतील नामांकित इस्पितळांतहि विसाव्या शतकाचीं पहिलीं दोन-तीन दशकें उलटेपर्यंत स्थिति फारशी वेगळी नव्हती. ज्या विद्येला आज फिजिओथेरपी अथवा भौतिकोपचार म्हणतात, तिच्या घडणीचा इतिहास हा या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे. तो प्रश्न कोणीं विचारावा आणि कसा विचारावा, यावर तेथें दीर्घकाळ वाद झाला. त्या वादाचें बरेवाईट फळ अखेरीस रोग्याच्या पदरांत पडलें.

या विद्येचें आधुनिक मूळ स्वीडनमध्यें सांपडतें. पेर हेन्रिक लिंग हा तेथील एक कवि व तरवारबाजीचा शिक्षक. त्यानें 1813 सालीं स्टॉकहोम येथें व्यायामविद्येची राजमान्य संस्था स्थापन केली. व्यायामाचे त्यानें चार विभाग पाडले: शिक्षणाचा, सैनिकांचा, सौंदर्याचा आणि रोगनिवारणाचा. या चौथ्या विभागांत नुसतें मर्दन नव्हतें. रोग्यानें कोणता अवयव कोणत्या दिशेनें हलवावा, शिक्षकानें त्याला कोठें विरोध करावा आणि कोठें हातभार लावावा, याची शिस्त त्यांत होती. हालचाल हें औषध आहे आणि औषधाप्रमाणेंच तिलाहि मात्रा असते, हा विचार येथें प्रथमच पद्धतशीरपणें मांडला गेला. पुढें तीच हालचाल रोगाची परीक्षा करण्याचेंहि साधन ठरली. पण त्याला शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

स्वीडिश पद्धतीचें मर्दन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्यें लोकप्रिय झालें आणि त्याबरोबरच बदनामहि झालें. मर्दनगृहांच्या नांवाखालीं अनीतीचे अड्डे चालतात, असा बोभाटा 1894 सालीं एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकानें केला. प्रामाणिकपणें हें काम करणाऱ्या परिचारिकांवर त्याचे शिंतोडे उडाले. त्याच वर्षीं ल्यूसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर या चौघींनीं प्रशिक्षित मर्दनकर्त्या स्त्रियांची एक संस्था काढली. परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावें आणि आचरणाचे कडक नियम घालावेत, असा त्यांचा बेत होता. त्या नियमांतील एक नियम पुढील इतिहासाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा ठरला: डॉक्टरच्या आज्ञेवांचून कोणाहि रोग्यावर उपचार करावयाचा नाहीं.

त्या काळीं हा नियम म्हणजे या स्त्रियांचें चिलखत होतें. डॉक्टरच्या चिठ्ठीमुळें त्यांच्या कामाला प्रतिष्ठा आली, आणि 1920 सालीं या संस्थेला राजसनदहि मिळाली. पहिल्या महायुद्धांतील हजारों जखमी सैनिकांचे आखडलेले सांधे व दुबळे झालेले स्नायू त्यांच्या हाताखालून गेले होते. त्या सेवेचें मोल सर्वांना पटलें होतें. परंतु चिलखत जसें संरक्षण करतें, तसें तें हातपायहि जखडतें. निदान डॉक्टरनें करावें आणि हातांनीं हुकूम बजावावा, अशी ही वांटणी होती. ज्या हातांना सांध्याचा ताठरपणा, स्नायूची पीळ आणि रोग्याचें दचकणें दिवसांतून शंभरदां जाणवे, त्या हातांना ‘हें काय आहे?’ असें विचारण्याचा अधिकार नव्हता.

आणि ज्यांना तो अधिकार होता, त्यांच्यापाशीं तरी साधनें कितीशी होतीं? सायटिकेच्या दुखण्यांत रोग्याला उताणा निजवून त्याचा सरळ पाय वर उचलला असतां कळ येते, ही खूण बेलग्रेडचा वैद्य व कथालेखक लाझा लाझारेविच यानें 1880 सालीं नोंदविली. पॅरिसमधील लासेग या वैद्याच्या शिष्यानें 1881 च्या आपल्या प्रबंधांत तीच खूण गुरूच्या नांवें मांडली, आणि जगानें लासेगचेंच नांव लक्षांत ठेवलें. 1895 सालीं राँटगेननें क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हां आतां शरीराचें सारें रहस्य उघडें झालें असें अनेकांना वाटलें. परंतु क्ष-किरणांना हाडें दिसत. स्नायू, कंडरा व अस्थिबंध हे त्या चित्रांत जवळजवळ अदृश्यच राहत. चित्रांत कांहीं दिसलें नाहीं म्हणजे दुखण्याला वात, अशक्तपणा किंवा मनाचा खेळ अशीं मोघम नांवें मिळत, आणि चिठ्ठीवर शेक व मर्दन हे दोन शब्द लिहिले जात.

ही कोंडी फोडण्याचें मोठें श्रेय जेम्स सिरिॲक्स या डॉक्टरकडे जातें. 1904 सालीं जन्मलेल्या सिरिॲक्सच्या घराण्यांतच ही विद्या होती. त्याचा आईकडील आजोबा हेन्रिक केलग्रेन हा स्वीडिश पद्धतीचा प्रसिद्ध व्यायामोपचारक होता. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत 1929 पासून काम करीत असतां सिरिॲक्सच्या ध्यानांत आलें, कीं क्ष-किरणचित्र निर्दोष असूनहि दुखण्यानें हैराण झालेल्या रोग्यांची रीघ लागलेली आहे आणि त्यांची पद्धतशीर परीक्षा कोणीच करीत नाहीं. त्यानें शोधलेली युक्ति मोठी सोपी होती. प्रत्येक ऊतीला तिचें विशिष्ट काम असतें. त्या कामाचाच ताण तिच्यावर आळीपाळीनें द्यावा. जी दुखावलेली असेल, ती आपण होऊन साक्ष देईल.

ही परीक्षा तीन पायऱ्यांची. प्रथम रोग्यानें स्वतः सांधा हलवावा. त्यावरून त्याची शक्ति व तयारी कळते. नंतर रोग्यानें अंग सैल सोडावें आणि परीक्षकानें सांधा शेवटपर्यंत न्यावा. या वेळीं स्नायू स्वस्थ असतात, म्हणून कळ आली तर ती बहुधा सांध्याच्या आवरणाची वा अस्थिबंधाची. अखेरीस सांधा जागचा न हलूं देतां रोग्याला जोर करावयास सांगावें. आतां सांधा स्वस्थ असतो, म्हणून कळ आली तर ती स्नायूची किंवा त्याच्या कंडरेची. कोपराच्या बाहेरच्या अंगास दुखणारा मनुष्य याचें उत्तम उदाहरण होय. त्याचें कोपर पूर्ण वांकतें, पूर्ण सरळ होतें, त्यांत कसलीहि अडचण नसते; पण मनगट वर उचलण्यास सांगून त्यास हातानें अडविलें, कीं कोपराशीं कळ उठते. दोषी कोपराचा सांधा नसून, मनगट उचलणाऱ्या स्नायूंचा कोपराशीं जडलेला कंडरा आहे, हें एका क्षणांत उघड होतें. त्यासाठीं ना यंत्र लागलें, ना पैसा. 1947 सालीं सिरिॲक्सनें आपल्या पाठ्यग्रंथांत ही पद्धति सविस्तर मांडली. सांधे हातानें बसविण्याची कला भौतिकोपचारकांना शिकवावी, असा त्याचा आग्रह होता. त्यापायीं त्यानें व्यवसायबंधूंचा रोषहि पत्करला.

याच सुमारास लंडनमध्येंच दुसरा एक प्रयोग चालला होता. जे. एच. केलग्रेन या तरुण डॉक्टरनें 1938 व 1939 सालीं स्वतःच्या आणि इतर स्वयंसेवकांच्या स्नायूंत व अस्थिबंधांत मिठाचें तीव्र पाणी सुईनें टोंचून पाहिलें. कळ सुईच्या टोंकाशींच राहीना. मणक्यांमधील अस्थिबंधांत सुई गेली, तर वेदना कुल्ल्यांत व मांडींत उतरे. खोल ऊतींची वेदना आपलें घर सोडून दूरच्या दारीं हाक मारते, ही गोष्ट अशा रीतीनें प्रयोगानें सिद्ध झाली. जेथें दुखतें तेथें चोळण्याच्या साऱ्या परंपरेला हा मोठाच धक्का होता. गुडघ्याला तेल लावणाऱ्या कित्येकांचें दुखणें खुब्यांत असतें, आणि हात चेपून घेणाऱ्या कित्येकांचें मानेंत.

तथापि नवी दृष्टि आपल्याबरोबर नवी भ्रांतिहि आणते. 1934 सालीं मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यविशारदांनीं मणक्यांमधील गादी बाहेर सरकून मज्जातंतूवर दाब येतो व त्यानें पायांत कळ उतरते, हें दाखवून दिलें. शोध खरा होता. पण पुढील काळांत जवळजवळ प्रत्येक कंबरदुखीचें खापर गादीवर फुटूं लागलें. स्वतः सिरिॲक्सहि या मोहांतून सुटला नाहीं. ‘गादी सरकली’ हा शब्द कानीं पडतांच रोगी हादरे, आणि पलंगावर आठवडेच्या आठवडे पडून राहण्याची आज्ञा त्याला मिळे. दुखणें ओसरे किंवा न ओसरे, स्नायू मात्र खात्रीनें क्षीण होत. नोकरी जाई, आणि मनांत बसलेली भीति आयुष्यभर पाठ सोडीत नसे.

या परिस्थितींत पुढचें पाऊल टाकलें तें पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धांतील दोघां भौतिकोपचारकांनीं. ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरचा जेफ्री मेटलंड 1961 सालीं परदेशीं जाऊन सिरिॲक्सला भेटला, आणि 1964 सालीं त्यानें कण्याच्या हस्तोपचारावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. झटका देऊन मणका बसविण्यापेक्षां हळुवार, लयबद्ध आंदोलनें देणें त्याला अधिक पसंत होतें. त्या आंदोलनांच्या त्यानें प्रती लावल्या. पण त्याची खरी देणगी वेगळीच होती. रोग्याच्या दुखण्याशीं जुळणारी एक नेमकी हालचाल आधीं शोधावी, थोडासा उपचार करावा, आणि लगेच तीच हालचाल पुन्हां तपासावी. फरक पडला तर मार्ग बरोबर. न पडला तर मार्ग बदलावा. उपपत्ति कितीहि सुंदर असो, निवाडा रोग्याच्या शरीरानें द्यावयाचा, असा त्याचा दंडक होता.

दुसरा न्यूझीलंडमधील वेलिंग्टन शहरचा रॉबिन मॅकेंझी. 1956 सालीं त्याच्याकडे एक रोगी येत असे. त्याची कळ कंबरेपासून गुडघ्यापर्यंत उतरे आणि तीन आठवड्यांच्या उपचारानेंहि ती हटली नव्हती. एके दिवशीं त्याला टेबलावर पालथें निजण्यास सांगून मॅकेंझी दुसऱ्या कामांत गुंतला. टेबलाचें डोक्याकडील टोंक आधींच्या रोग्यासाठीं वर उचललेलें होतें, आणि रोगी तसाच पाठ मागें वांकवून पालथा पडला. त्या काळच्या समजुतीप्रमाणें ही स्थिति घातक मानली जाई. मॅकेंझी परत येऊन पाहतो तों पायांतली कळ नाहींशी झालेली! हा केवळ योगायोग होता. परंतु त्याचें त्यानें शास्त्र बनविलें. रोग्याकडून एकच हालचाल पुनःपुन्हां करवून घ्यावी आणि कळ कोठें सरकते तें पाहावें. पायांतून कंबरेकडे परतूं लागली तर तें सुचिन्ह, खालीं उतरूं लागली तर तो इशारा. त्याचा ग्रंथ 1981 सालीं निघाला. रोग्याच्या हातींच रोग्याचा उपचार देणारी ही पद्धति होती.

आतां त्या जुन्या चिलखताची गरज उरली नव्हती. 1976 सालीं ऑस्ट्रेलियांतील भौतिकोपचारकांच्या संघानें डॉक्टरच्या चिठ्ठीचा नियम रद्द केला. पुढें इतर अनेक देशांनींहि तोच मार्ग धरला. पलंगावरच्या विश्रांतीचीहि परीक्षा झाली. 1986 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत 203 रोग्यांपैकीं कांहींना दोन दिवस व कांहींना सात दिवस विश्रांति सांगितली होती; दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस 45 टक्क्यांनीं कमी बुडाले, आणि इतर कोणत्याहि बाबतींत त्यांचें नुकसान झालें नाहीं. 1995 सालीं फिनलंडमधील प्रयोगांत तर पलंग धरणाऱ्यांपेक्षां, सोसेल तितकें नेहमींचें काम करीत राहणारे लौकर बरे झाले.

यंत्रांचा गर्वहि उतरला. चुंबकीय छायाचित्रण आल्यावर गादी डोळ्यांना दिसूं लागली खरी. पण 1994 सालीं 98 जणांच्या कण्यांचीं अशीं चित्रें काढलीं, तेव्हां त्यांतील निम्म्याहून अधिकांची गादी कोठें ना कोठें फुगलेली आढळली, आणि हे सारे लोक पाठदुखीचें नांवहि न घेणारे होते! केंस पिकावे तशा गाद्याहि वयोमानानें बदलतात. बदल दिसला म्हणजे वेदनेचें कारण सांपडलें, असें होत नाहीं. पण हातांनींहि फुशारकी मारण्याचें कारण नव्हतें. कोणता मणका अडकला आहे हें केवळ बोटांनीं चाचपून ठरविण्यास सांगितलें, तर दोन कुशल परीक्षकांचेंहि एकमत होणें कठीण, असें पुढील अभ्यासांत दिसून आलें. झोप, चिंता, कामाचा जाच व भीति हींहि वेदनेच्या तराजूंत वजन टाकतात, हें आज सर्वमान्य आहे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत 1953 सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्यानें या विद्येचें शिक्षण सुरू झालें. त्या वेळीं पोलिओनें अधू झालेल्या मुलांचा प्रश्न पुढें होता. आज तेथील परंपरेंत शिकलेल्यांपुढें रोगी येतो तो बहुधा मान, खांदा, कंबर वा गुडघा धरून. चांगला भौतिकोपचारक प्रथम त्याची हकीकत ऐकतो. लघवी अडली आहे काय, बसण्याच्या जागेची संवेदना गेली आहे काय, ताप येतो काय, कारणावांचून वजन उतरलें आहे काय, हें तो आधीं विचारतो; कारण अशा रोग्याला विनाविलंब डॉक्टरकडे पाठविणें हीच त्याची सर्वांत मोठी सेवा. ती शंका फिटली, म्हणजे तो हालचाल पाहतो, ताण देऊन पाहतो, थोडा उपचार करतो आणि पुन्हां पाहतो. बहुतेक रोग्यांना तो जें देतो तें साधें असतें: धीर, योग्य व्यायाम आणि हिंडण्याफिरण्याची मोकळीक.

चोळणारे हात पूर्वींहि होते आणि पुढेंहि राहतील. त्यांच्या उबेनें मिळणारा दिलासा खोटा नव्हे. परंतु उसण भरल्यावर पाठीला पाय लावणाऱ्या पायाळू माणसाला एक गोष्ट करतां येत नसे: आपल्या उपायानें गुण आला नाहीं, तर तो कां आला नाहीं, हें तपासून पाहणें. दीडशें-दोनशें वर्षांच्या खटाटोपानें या विद्येनें मिळविलेलें धन तें हेंच. पाठ धरून दारांत उभ्या असलेल्या माणसाला पूर्वीं ‘दुखतें कोठें?’ एवढेंच विचारीत. आतां त्याला वांकावयास, वळावयास, जोर करावयास सांगतात, आणि त्याचें शरीर काय उत्तर देतें इकडे लक्ष देतात.