व्हिप म्हणजे नेमकं काय? झेडपी-पंचायत समितीत पक्षादेश मोडला तर सदस्यत्व कसं जातं

अध्यक्ष किंवा सभापतीची निवड जवळ आली की सदस्य सहलीला जातात, फोन बंद होतात, आणि गावात चर्चा सुरू होते : "व्हिप काढलाय म्हणे." पुढं कोणी दुसऱ्या बाजूला हात वर केला की लगेच बोललं जातं, आता याचं पद गेलं. पण प्रकरण एवढं सरळ नसतं.

व्हिप म्हणजे पक्षादेश. मतदान कोणाला करायचं हे पक्षानं आपल्या सदस्याला लेखी कळवायचं. आमदार-खासदारांसाठी हा नियम राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात आहे, 1985 सालचा. आपल्या जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका आणि महापालिकेसाठी राज्याचा वेगळा कायदा आहे : महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986. ग्रामपंचायत यात नाही. तिथं निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे सरपंच-उपसरपंचाच्या भानगडीत कोणी 'व्हिप' म्हणाला तर ती नुसती हवा समजा.

या कायद्यानं सदस्य दोन मुख्य कारणांनी अपात्र होतो. एक, पक्ष आपणहून सोडला तर. त्यासाठी राजीनाम्याचा कागदच लागतो असं नाही, वागणुकीवरूनही तसं ठरवता येतं, असं कोर्टांनी सांगितलेलं आहे. दुसरं, पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानच टाळलं तर. म्हणजे "मी कुणालाच दिलं नाही" ही पळवाट चालत नाही. मात्र आधी परवानगी घेतली असेल, किंवा मतदानानंतर 15 दिवसांत पक्षानं माफ केलं असेल, तर पद वाचतं. बरीच प्रकरणं इथंच मिटतात. गरज असली की पक्षही डोळे झाकतो.

अपक्षांनाही मोकळं रान नाही. अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात गेला तर तोही अपात्र ठरू शकतो. बाहेरून पाठिंबा देणं वेगळं आणि पक्षप्रवेश करणं वेगळं. म्हणून हुशार अपक्ष गळ्यात गमछा घालताना दहा वेळा विचार करतो.

आता आघाडीचं. लोकांचा सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. हा कायदा 'राजकीय पक्ष' आणि 'आघाडी किंवा फ्रंट' दोन्ही धरतो. पण आघाडी म्हणजे निवडणुकीत उमेदवार उभे करण्यासाठी एकत्र आलेला गट. तालुक्यातल्या स्थानिक आघाड्या याच प्रकारच्या, आणि त्यांचा आदेश त्यांच्या सदस्यांना लागू होतो. दोन पक्षांनी वेगवेगळ्या चिन्हावर लढून निकालानंतर सत्तेसाठी हात मिळवला, तर एका पक्षाचा व्हिप दुसऱ्या पक्षाच्या सदस्याला आपोआप बांधत नाही. प्रत्येक पक्षानं आपापल्या लोकांना आदेश काढावा लागतो. मित्रपक्षाचा उमेदवार पडला म्हणून "आमचा व्हिप मोडला" असं ओरडून उपयोग नाही, त्यांच्या गटनेत्यानं व्हिप काढला होता का, ते आधी बघा. निकालानंतरच्या जुळवाजुळवीवरून कोर्टात बरेच वाद गेलेले आहेत. जिल्हाधिकाऱ्यांकडच्या गटनोंदणीला म्हणूनच एवढी धावपळ असते.

खरी लढाई होते ती कागदावर. व्हिप कोणी काढला, त्याला तो अधिकार होता का, आणि तो सदस्याच्या हातात पोचला का? सदस्य सहलीला, घराला कुलूप, मग दारावर चिकटवून पंचनामा करतात. व्हॉट्सअॅपवर टाकलेला मेसेज पुढं टिकेल याची खात्री नाही.

मुंबईतल्या मोठ्या प्रकरणातही हेच घडलं. शिवसेना फुटल्यावर 4 जुलै 2022 ला विधानसभेत विश्वासदर्शक ठराव झाला. सरकारच्या बाजूनं 164 आणि विरोधात 99 मतं पडली. दोन्ही गटांचे व्हिप होते, सुनील प्रभू यांचा आणि भरत गोगावले यांचा. सुप्रीम कोर्टानं 11 मे 2023 ला सांगितलं की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ गटाचा नाही. पुढं 10 जानेवारी 2024 ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी शिंदे गट हीच शिवसेना असा निर्णय दिला, गोगावलेंची नेमणूकही मान्य केली, पण ठाकरे गटाच्या आमदारांना अपात्र केलं नाही. व्हिप त्यांना प्रत्यक्ष बजावल्याचं सिद्ध झालं नाही, हे त्याचं एक कारण. एवढ्या मोठ्या लोकांचं हे, तर तालुक्यातल्या गटनेत्यानं पोचपावती नीट सांभाळायलाच हवी.

झेडपी आणि पंचायत समितीच्या सदस्याबाबत निर्णय जिल्हाधिकारी देतात, महापालिकेत विभागीय आयुक्त. तोवर दिलेलं मत मोजलं जातं आणि निवडलेला अध्यक्ष खुर्चीवर बसतो. व्हिप मोडला म्हणून निकाल त्याच दिवशी फिरत नाही. पुढं प्रकरण हायकोर्टात गेलं की तारखांवर तारखा, आणि तोपर्यंत अडीच वर्षांची मुदत सरायला येते.

विधान परिषदेच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघात आपले झेडपी सदस्य आणि नगरसेवक मत देतात, तिथं मात्र मतदान गुप्त असतं. कोणी कुणाला दिलं हे कागदावर येत नाही, आणि घोडेबाजाराच्या सगळ्यात जास्त गप्पा याच निवडणुकीत ऐकू येतात.