अश्वविद्या आणि ख्यालगायन : विष्णुपंत छत्रे यांच्या कार्याचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतीय सर्कशीचे आद्य प्रवर्तक म्हणून विष्णुपंत मोरेश्वर छत्रे (मृत्यू 1905) यांचे नाव सर्वपरिचित आहे. ते ग्वाल्हेर घराण्याच्या तालमीत तयार झालेले गायक होते, ही बाब मात्र संगीताच्या अभ्यासकांपुरतीच मर्यादित राहिली. सर्कशीच्या इतिहासात त्यांच्या गायनाचा उल्लेख एखाद्या छंदासारखा येतो, तर संगीताच्या इतिहासात त्यांच्या घोड्यांकडे कुतूहलापलीकडे पाहिले जात नाही. ही दोन अंगे परस्परांशी जोडून पाहणे आणि छत्रे यांच्या अश्वप्रेमाचा हिंदुस्थानी संगीतावर कोणता परिणाम झाला हे तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

ग्वाल्हेर : दोन विद्यांचे एक केंद्र

विष्णुपंत मूळचे सध्याच्या सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. जयाजीराव शिंदे यांच्या कारकीर्दीतील (1843–1886) ग्वाल्हेर हे त्या काळी मराठी तरुणांना खुणावणारे स्थान होते. एकीकडे हद्दू खाँ, हस्सू खाँ व नथ्थू खाँ या बंधूंनी ख्यालगायनास स्थिर रूप दिले होते, तर दुसरीकडे लष्करी परंपरेमुळे तेथील पागा आणि अश्वशिक्षण नावाजलेले होते. विष्णुपंतांनी येथे घोडे फिरविण्याची व शिकविण्याची विद्या आत्मसात केली आणि हद्दू खाँ यांच्याकडे गायनाची तालीमही घेतली.

या दोन्ही विद्या ग्रंथांतून नव्हे, तर गुरूच्या सान्निध्यातून मिळणाऱ्या होत्या. दोहोंत दीर्घ आवर्तन, संयम आणि लयीची जाण अपेक्षित होती. तथापि, एवढ्या साम्यावरून घोड्याच्या टापांचा ठेका ख्यालाच्या लयकारीत शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. छत्रे यांच्या अश्वप्रेमाचा प्रभाव स्वररचनेत नव्हे, तर संगीताच्या आश्रयव्यवस्थेत शोधावा लागतो.

सर्कस : आश्रयाचे नवे साधन

1879 मध्ये चिआरिनी या इटालियन गृहस्थांची सर्कस मुंबईत आली. तिच्यातील घोड्यांचे खेळ पाहून आपणही अशी संस्था उभारू शकतो असा विश्वास छत्रे यांना वाटला आणि 1880 मध्ये त्यांची ‘ग्रँड इंडियन सर्कस’ सुरू झाली. हा उपक्रम ‘ग्रेट इंडियन सर्कस’ या नावानेही ओळखला जातो. त्यातील प्रमुख आकर्षण स्वतः छत्रे यांची अश्वविद्या हेच होते.

याच दशकात दरबारी आश्रय ढासळत होता. हद्दू खाँ 1875 मध्ये निवर्तले होते. 1886 मध्ये जयाजीरावांचे निधन झाल्यावर ग्वाल्हेरच्या गायकांचा मोठा आधार गेला. अशा काळात तिकिटावर चालणारी, रेल्वेने गावोगाव फिरणारी आणि संस्थानिकाच्या मर्जीवर सर्वस्वी अवलंबून नसलेली एक संस्था एका गायकाच्या हाती होती, ही घटना महत्त्वाची ठरते.

रहिमत खाँ यांचा सांभाळ

हद्दू खाँ यांचे पुत्र रहिमत खाँ हे विलक्षण प्रतिभेचे गायक होते. परंतु मानसिक अस्वास्थ्य व अफूचे व्यसन यांमुळे त्यांचे जीवन विस्कटले होते. ते विपन्नावस्थेत काशीत भटकत असता विष्णुपंतांनी त्यांना आपल्याबरोबर आणले, असे परंपरेने सांगितले जाते. गुरुपुत्र म्हणून छत्रे यांनी त्यांना सर्कशीच्या फिरतीवर बरोबर ठेवले, त्यांचा योगक्षेम पाहिला आणि ठिकठिकाणी त्यांच्या मैफली घडवून आणल्या. ‘भूगंधर्व’ म्हणून रहिमत खाँ यांची कीर्ती महाराष्ट्रात पसरली ती याच फिरतीतून. विष्णुपंतांच्या निधनानंतरही त्यांचे वास्तव्य याच परिसरात राहिले आणि 1922 मध्ये कुरुंदवाड येथे त्यांचे देहावसान झाले. अखेरच्या काळातील त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध आहेत.

संगीतावरील परिणाम

ग्वाल्हेरच्या खुल्या व दमदार आवाजापेक्षा रहिमत खाँ यांचा बारीक, टोकदार आणि तारसप्तकात सहज रमणारा स्वर वेगळा होता. अब्दुल करीम खाँ (1872–1937) यांच्या गायकीवर या स्वरलगावाचा खोल संस्कार झाला, हे संगीतसमीक्षेत सर्वमान्य आहे. ‘जमुना के तीर’ ही भैरवी दोघांच्याही ध्वनिमुद्रिकांत ऐकावयास मिळते. तीवरून हे नाते स्पष्ट होते. पुढे सवाई गंधर्व व भीमसेन जोशी यांच्यापर्यंत पोहोचलेल्या किराणा परंपरेच्या घडणीत रहिमत खाँ यांचा हा वाटा विसरता येत नाही. ते महाराष्ट्रात स्थिरावले नसते, तर हा संस्कार इतक्या निकट परिचयातून घडला असता असे म्हणणे कठीण आहे.

निष्कर्ष :

विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 1901 मध्ये लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीताला सार्वजनिक संस्थेचा आधार दिला. त्यापूर्वी दोन दशके छत्रे यांनी उभारलेला आधार संगीतासाठी म्हणून निर्माण झाला नव्हता. तो घोड्यांच्या कसरतींवर उभा होता. तरीही दरबार आणि महाविद्यालय यांच्यामधील संक्रमणकाळात एका थोर गायकाचे गाणे त्याने टिकविले. घराण्यांचा इतिहास केवळ गुरुशिष्यांच्या नामावळीतून लिहिला, तर असे दुवे निसटतात. कलावंताला जगविणाऱ्या साधनांचा, मग ते सर्कशीचे रिंगण का असेना, विचार केल्याखेरीज तो इतिहास पूर्ण होत नाही.