कार्यक्रम-संचालक, नभोवाणी व दूरचित्रवाणी (व्यवसायाची तयारी)

केंद्रावरून किंवा वाहिनीवरून काय, केव्हा आणि किती वेळ प्रसारित व्हावे हे ठरवणारी व्यक्ती. आकाशवाणीत हे काम कार्यक्रम अधिकारी व त्यांच्या वरचे केंद्रप्रमुख पाहतात, तर खासगी वाहिन्यांत ‘प्रोग्रॅमिंग हेड’. निर्मात्याला आपल्या कार्यक्रमाची चिंता असते, संचालकाला त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कार्यक्रमाचीही.

औपचारिक शिक्षणासाठी पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ही ठळक संस्था. दिल्लीतील दूरचित्रवाणी प्रशिक्षण १९७४ मध्ये येथे आले. टीव्ही दिग्दर्शनाच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट व दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था (स्थापना १९६५) पत्रकारितेच्या वाटेने येणाऱ्यांना सोयीची. मात्र या क्षेत्रातील जुनी माणसे बहुधा साहित्य, संगीत किंवा नाटकातून आली. पु. ल. देशपांडे आकाशवाणीतून दिल्लीच्या दूरचित्रवाणीवर गेले. सई परांजपे यांनी पुणे आकाशवाणीवर निवेदिका म्हणून सुरुवात केली, पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून त्या दिल्ली दूरदर्शनवर निर्मात्या झाल्या. ही वाट आजही वाईट नाही. संहिता वाचून तिच्यातला कंटाळा ओळखता येणे कॅमेरा हाताळण्यापेक्षा उशिरा साधते.

खरी तयारी घड्याळाची. आकाशवाणीचा दिवस सभांमध्ये, म्हणजे प्रसारणाच्या सत्रांमध्ये, विभागलेला असतो आणि प्रत्येक सभेला ठरलेल्या वेळांचा ‘फिक्स्ड पॉइंट चार्ट’ असतो. वर्षानुवर्षे सकाळी ६:५५ ला दिल्लीहून संस्कृत बातम्या सहक्षेपित होत आल्या. त्याआधीचे भजन कितीही रंगले तरी ते वेळेत संपवावेच लागे. भाषण दोन मिनिटे कमी भरले तर ती पोकळी भरायला ‘फिलर’ हाताशी हवा. उमेदवाराने ड्यूटी रूममध्ये बसून क्यू शीट (कार्यक्रमांचा वेळवार तक्ता) आणि लॉगबुक (प्रसारणाची नोंदवही) वाचायला शिकावे. प्रसारणात कुठे खंड पडला, का पडला, हे तिथेच कळते. शास्त्रीय गायक-वादकांची ध्वनिचाचणी, बी ते टॉप अशी श्रेणी, कलाकारांचे करार, स्वामित्वहक्क, निवडणूक काळातील आचारसंहिता हा कागदी भागही संचालकाच्याच गळ्यात पडतो.

दूरचित्रवाणीत बहुकॅमेरा चित्रीकरण, फ्लोअर मॅनेजर आणि कंट्रोल रूममधील संवाद, रनडाउन (कार्यक्रमाचा मिनिटवार क्रम) यांची भर पडते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तिथे विनायक चासकर यांनी ‘गजरा’ हा कार्यक्रम उभा केला, तेव्हा प्रेक्षकांपुढे दुसरी वाहिनी नव्हती. आज प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे आकडे दर आठवड्याला येतात आणि मालिकेची वेळ, कथानक, कधी आयुष्यही त्यावर ठरते. आकडेवारी वाचता येणे म्हणूनच आवश्यक झाले आहे, तिच्याआड लपण्याची सवयही तितक्याच लवकर लागते.

नवशिक्याला सर्वांत मोकळे मैदान सामुदायिक रेडिओचे. सातारा जिल्ह्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ किंवा पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ अशा छोट्या केंद्रांवर एकाच माणसाला ध्वनिमुद्रण, संपादन, निवेदन आणि वेळापत्रक ही कामे करण्याची संधी मिळू शकते.