आमचा पहिला कॉम्प्युटर आणि देशाचा पहिला

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक पिवळट पडलेला कॅबिनेट खाली आला. "हे आता भंगारात देऊ या का?" असे हिने विचारले. मी नको म्हणालो. का नको, ते सांगण्यासाठी हा लेख.

गोष्ट २००० सालची. चिरंजीव डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. ब्रँडेड कॉम्प्युटर आमच्या आवाक्याबाहेरचा. "बाबा, सुटे भाग आणून मी घरीच जोडतो," असे तो म्हणाला. शाळेच्या पतपेढीतून ३५ हजारांचे कर्ज काढले. डोंबिवलीहून लोकलने मुंबई गाठली आणि लॅमिंग्टन रोडवर दिवसभर दुकाने पालथी घालून सेलेरॉन प्रोसेसर, मदरबोर्ड, ६४ एमबीची रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट असे सगळे घेतले. परतीच्या गर्दीत मॉनिटरचे खोके मी डोक्यावर धरून उभा होतो.

रात्री जोडणी झाली. हिने हळदकुंकू वाहिले. बटण दाबले. पंखा जरासा थरथरला आणि थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. पडदा काळा तो काळाच.

मग काय विचारता! त्याने रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला, कारण कुणीतरी तसे सांगितले होते. काही उपयोग झाला नाही. वायरी काढून पुन्हा लावल्या. तरीही नाही. दुसऱ्या दिवशी माझा तोल गेला. आधी दुकानदाराने फसवले म्हणालो, आणि मग जे बोलू नये ते मुलाला बोललो, "झेपत नव्हते तर माझे पैसे कशाला घातलेस?" तो काही बोलला नाही. त्या रात्री जेवलाही नाही.

शेजारी टेलिफोन खात्यातले एक काका राहत. त्यांना कॉम्प्युटरमधले ओ की ठो कळत नव्हते, पण बिघाड शोधण्यात हयात गेलेली. ते म्हणाले, "सगळं एकदम जोडून कुठे चुकलं ते कसं कळणार? सगळं बाहेर काढ. कमीत कमी जेवढ्यावर यंत्र चालेल तेवढंच जोड. ते चाललं की एकेक वाढवत जा."

चिरंजीवांनी बोर्ड बाहेर काढला आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठेवला. प्रोसेसर, रॅम, वीजपुरवठा आणि मॉनिटर, बस्स. बटणाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावले. बीप! पडद्यावर मेमरी मोजणारे आकडे धावू लागले. म्हणजे भाग सगळे धडधाकट होते. कागदावर चालते आणि कॅबिनेटमध्ये चालत नाही, तर दोष कॅबिनेटमध्येच असणार. बॅटरी घेऊन आत पाहिले. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळी स्टड बसवतात. वेगवेगळ्या आकारांच्या बोर्डांसाठी त्यांच्या जागा वेगवेगळ्या असतात. आमच्या कॅबिनेटमध्ये एक स्टड जास्तीचा होता. त्याच्यावर बोर्डाला भोकच नव्हते, त्यामुळे तो बोर्डाच्या पाठीवरच्या जोडांना टेकून शॉर्ट होत होता. तो काढला आणि कॉम्प्युटर सुरू झाला. दुकानदार निर्दोष होता, आणि मुलगाही.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, यंत्रांशी संबंध नाही. पण पुढे निवृत्तीनंतर टिफ्रॅकविषयी वाचले तेव्हा ते वर्तमानपत्र डोळ्यांसमोर आले. टिफ्रॅक म्हणजे आपल्या देशात रचलेला आणि बांधलेला पहिला संगणक. मुंबईत, होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो झाला. त्याआधी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने इंग्लंडहून तयार संगणक आणला होता. मुंबईच्या मंडळींनी मात्र स्वतः बांधायचे ठरवले. गटाचे नेतृत्व आर. नरसिंहन यांचे. ते अमेरिकेत शिकून आलेले. बाकीच्या तरुणांनी संगणक बांधणे दूरच, वापरलेलाही नव्हता.

या मंडळींनी थेट मोठे यंत्र उभारायला घेतले नाही. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र केले. आपली रचना मुळात चालते का, एवढेच त्यावर पाहायचे होते. १९५६ मध्ये ते चालू लागले. मग मोठे यंत्र. त्यात २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत लालसर उजळायच्या त्या काचेच्या नळ्या. समजा एक नळी सरासरी दहा हजार तास टिकते. तरी २,७०० नळ्यांत दर चार तासांनी एखादी जाणारच! अमेरिकेच्या एनिॲकमध्ये तर सुमारे १८ हजार नळ्या होत्या. चालू-बंद करताना त्या जास्त जातात हे लक्षात आल्यावर ते यंत्र शक्यतो बंदच करीत नसत.

टिफ्रॅकची स्मृती होती ४० बिटांचे २,०४८ शब्द. आजच्या हिशेबात दहा केबी. हा लेखसुद्धा त्यात मावला नसता.

आता तारखा पाहा. १९५९ मध्ये जोडणी पुरी झाली आणि यंत्र रीतसर कामाला लागले फेब्रुवारी १९६० मध्ये. पुढे नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकेचा सीडीसी ३६०० आला आणि याची सद्दी संपत आली. जोडणी आणि सुरुवात यांच्यामधल्या काळाला इतिहासात फार तर अर्धी ओळ मिळते. मीही वर्गात असेच शिकवत आलो. अमुक साली उद्घाटन, रिकाम्या जागा भरा! पण माणसे शिकतात ती त्या अर्ध्या ओळीत, यंत्र चालत नसताना. तेव्हा त्यांच्याभोवती कोण कसे वागले, यावरही बरेच अवलंबून असते. पहिल्या काळ्या पडद्यालाच कुणी "झेपत नव्हते तर" असे म्हटले असते, तर टिफ्रॅक झाला असता का?

असो. चिरंजीव आज ठाण्यात असतात, कामही याच क्षेत्रात करतात. त्या रात्रीचे माझे शब्द मी कधी परत घेतले नाहीत. कॉम्प्युटर सुरू झाल्याच्या आनंदात ते राहूनच गेले. तो हे लेख वाचतो, म्हणून इथेच लिहितो. बाळा, चूक माझी होती. कॅबिनेट परत माळ्यावर ठेवले आहे. तो स्टड माझ्या कंपासपेटीत आहे, आलास की दाखवीन.